चुकलेली क्रमवारी: टॅग लावलेल्या प्रथिनांच्या स्पर्धात्मक मोजणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका संशोधन गटाचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. प्रथिनाचं नावही दिलेलं नाही, कारण ते प्रथिन पेशीत काय काम करतं याचा पुढच्या घटनांशी काही संबंध नव्हता. गोंधळ झाला तो मोजणीत, आणि असा गोंधळ टॅग (ओळखीसाठी जोडलेली छोटी खूण) लावलेलं कुठलंही प्रथिन मोजताना होऊ शकतो.

गटाला एका मोठ्या प्रथिनाचा असा तुकडा हवा होता, जो जिवाणूत पुरेसा तयार होईल आणि विरघळलेला राहील. असा तुकडा नेमका कुठे सुरू करावा आणि कुठे संपवावा हे कागदावर ठरत नाही. म्हणून बारा वेगवेगळे कन्स्ट्रक्ट, म्हणजे त्या तुकड्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या आवृत्त्या, बनवले गेले, सगळ्यात लहान १८ किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), सगळ्यात मोठा ४१ किलोडाल्टनचा. प्रत्येकाच्या सुरुवातीला, म्हणजे एन-टोकाला, फ्लॅग टॅग होता. हा टॅग फक्त आठ अमिनो आम्लांचा आहे, वजन जेमतेम एक किलोडाल्टन, आणि त्याला ओळखणारी प्रतिपिंडं चांगली मुरलेली आहेत. ई. कोलायमध्ये हे बाराही कन्स्ट्रक्ट दोन माध्यमांत वाढवायचे होते: एक यीस्टचा अर्क घातलेलं समृद्ध माध्यम, दुसरं क्षार आणि ग्लुकोजचं साधं माध्यम. म्हणजे २४ लायसेट (पेशी फोडून काढलेले द्रव). त्यांतून तीन निवडायचे आणि लिटरभर कल्चरला न्यायचे, एवढंच काम.

ब्रॅडफर्ड किंवा बीसीए इथे उपयोगाचे नव्हते. त्या पद्धती लायसेटमधलं सगळं प्रथिन मोजतात आणि आपल्या प्रथिनाचा वाटा त्यात बुडून जातो. वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे जेलवर वेगळी केलेली प्रथिनं पडद्यावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखणं, वाटा दाखवतो, पण २४ नमुने पुन्हा पुन्हा चालवायचे तर दिवस जातो, आणि पट्ट्याच्या गडदपणावरून काढलेला आकडा फार ताणता येत नाही. म्हणून फ्लुओरेसन्स पोलरायझेशनवर चालणारी स्पर्धात्मक मोजणी निवडली गेली. निवड योग्यच होती, हे आधीच सांगतो.

मोजणी चालते कशी

फ्लॅगचं लहान पेप्टाइड घेऊन त्याला फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग जोडतात. हा ट्रेसर. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश टाकला की ट्रेसर चमकतो. फ्लुओरेसीनची चमक सुमारे चार नॅनोसेकंद टिकते. मोकळं पेप्टाइड तेवढ्या वेळात गरगर फिरून जातं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते आणि पोलरायझेशन कमी येतं. तेच पेप्टाइड १५० किलोडाल्टनच्या प्रतिपिंडाला चिकटलं की त्याचं फिरणं मंदावतं आणि पोलरायझेशन वाढतं. फ्रान्सिस पेरां यांनी १९२६ मध्ये हा संबंध मांडला. आता नमुन्यात टॅग लावलेलं प्रथिन असेल तर ते प्रतिपिंडावरच्या त्याच जागेसाठी भांडतं, ट्रेसरला हुसकावतं, आणि पोलरायझेशन उतरतं. चढाओढीतून मोजण्याची ही कल्पना रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या आसपास इन्सुलिनसाठी वापरली होती. तिथे खूण किरणोत्सारी होती, इथे चमकणारी आहे.

या रचनेत एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. आकडा जितका खाली, तितकं प्रथिन जास्त. म्हणजे आपण जे मोजतो ते एका संकेताचं कमी होणं आहे, आणि संकेत कमी करू शकणारी प्रत्येक गोष्ट प्रथिनाचा वेश घेऊन येऊ शकते. पुढचं सगळं यातूनच निघालं.

मोजणीची घडी बसवणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने पहिला निर्णय घेतला तो प्रतिपिंडाच्या प्रमाणाचा. प्रतिपिंड जास्त घातलं तर जवळजवळ सगळा ट्रेसर बांधला जातो, वरचा आणि खालचा आकडा लांब जातात, आलेख देखणा येतो. पण मग ट्रेसरला हुसकावायला प्रथिनही तितकंच जास्त लागतं. प्रतिपिंडाला दोन हात असतात, म्हणजे ५ नॅनोमोलर प्रतिपिंडात बांधणाऱ्या जागा १० नॅनोमोलर झाल्या, आणि अर्धा ट्रेसर सुटण्यासाठी लागणारं प्रमाण त्या जागांच्या निम्म्याखाली कधीच जात नाही. तिने प्रतिपिंडाची मालिका लावून सुमारे तीन चतुर्थांश ट्रेसर बांधला जाईल इतकंच प्रमाण ठेवलं. ट्रेसर २ नॅनोमोलर. शुद्ध बफरमध्ये मोकळ्या ट्रेसरचा आकडा ६० मिलिपोलरायझेशन (पोलरायझेशनचे हजारावे भाग) आला, प्रतिपिंड घातल्यावर २००. कृत्रिम फ्लॅग पेप्टाइडची प्रमाणित मालिका (माहीत असलेल्या वाढत्या प्रमाणांची) लावली तर एस आकाराची स्वच्छ वक्ररेषा आली. झेड-प्राइम हा गुणवत्तेचा निर्देशांक ०.५ च्या बराच वर होता, आणि ०.५ च्या वर गेला की मोजणी उत्तम समजली जाते.

इथे गटाने मोजणी तयार झाली असं धरलं. प्रकरणातला पहिला निर्णायक क्षण हाच, आणि तेव्हा तो कुणाला जाणवला नाही. झेड-प्राइम फक्त इतकंच सांगतो की वरचा कंट्रोल आणि खालचा कंट्रोल एकमेकांपासून नीट वेगळे ओळखू येतात. दोन्ही कंट्रोल शुद्ध बफरमध्ये होते. लायसेटमध्ये काय होईल याबद्दल तो निर्देशांक मूक असतो. माझ्या मते या एका आकड्याने जितका खोटा दिलासा दिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या आकड्याने दिला असेल.

अडचण

२४ लायसेट बफरमध्ये वीसपट पातळ करून ३८४ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) काळ्या प्लेटवर लावले गेले. निकाल सुबक आला. समृद्ध माध्यमातले जवळजवळ सगळे नमुने साध्या माध्यमापेक्षा वरचढ. त्यातही क्रमांक ७ सगळ्यांच्या पुढे. क्रमांक ४ तळाला, दोन्ही माध्यमांत प्रथिन जवळजवळ नाहीच. प्रत्येक नमुना तीनदा लावला होता, आणि तिन्ही प्रतिकृती एकमेकींशी जुळत होत्या. समृद्ध माध्यमात प्रथिन जास्त यावं ही अपेक्षाही होतीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

क्रमांक ७ लिटरभर वाढवला. फ्लॅगच्या रेझिनवर, म्हणजे टॅगला पकडून ठेवणाऱ्या कणांवर, शुद्धीकरण केलं. मोजणीने सांगितलेल्या प्रमाणाचा अगदी किरकोळ हिस्सा हाती आला. शुद्धीकरण सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने रेझिन जुनं झालं असेल म्हणून नवीन घेतलं, प्रथिन बाहेर काढणारं पेप्टाइड ताजं बनवलं. फरक पडला नाही.

दरम्यान त्याच लायसेटांचा साधा जेल कूमासीने (प्रथिनं दाखवणाऱ्या रंगाने) रंगवून झाला होता. त्यात क्रमांक ४ च्या रांगेत योग्य वजनाला चांगला ठळक पट्टा होता. क्रमांक ७ च्या रांगेत अपेक्षित जागी काहीच उठून दिसत नव्हतं. म्हणजे जेल आणि मोजणी अगदी उलट बोलत होते. गटप्रमुखांचा कल मोजणीकडे होता. कूमासीचा पट्टा कुठल्या प्रथिनाचा आहे हे सिद्ध होत नाही, तर मोजणी निदान टॅगला ओळखते, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा वजनदार होता.

विद्यार्थिनीने तेव्हा प्लेटचा नकाशा पुन्हा काढला आणि म्हणाली, "सर, रिकाम्या व्हेक्टरचं लायसेट आपण प्लेटवर घातलंच नाहीये." ज्या पेशींत टॅग लावलेलं काहीच नाही अशा पेशींचं लायसेट, तसंच तयार केलेलं, तितकंच पातळ केलेलं. ते लावलं. साध्या माध्यमातलं लायसेट २०० च्या थोडंच खाली आलं. समृद्ध माध्यमातलं १६० ला. टॅगचा एक रेणूही नसताना यंत्र प्रथिन आहे म्हणून सांगत होतं.

आकडे कसे वाकतात

प्लेट वाचणारं यंत्र प्रत्येक वेलसाठी दोन आकडे घेतं: टाकलेल्या प्रकाशाला समांतर दिशेतली चमक आणि लंब दिशेतली चमक. दोन्हींचा फरक भागिले दोन्हींची बेरीज म्हणजे पोलरायझेशन (यंत्राचा सुधारणा गुणक इथे एक धरला आहे). सॉफ्टवेअर शेवटचा आकडा छापतं आणि मूळ दोन बहुतेक वेळा कुणी उघडूनही पाहत नाही. इथेही तेच झालं होतं.

ट्रेसर प्रतिपिंडाला बांधलेला आहे, समांतर १२००, लंब ८००. फरक ४००, बेरीज २०००, म्हणजे २०० मिलिपोलरायझेशन. आता लायसेटमधून आलेलं फ्लेव्हिन हे पिवळं रंगद्रव्य त्यात मिसळू. यीस्टच्या अर्कात ते भरपूर असतं आणि पेशींतही असतं. ते लहान आहे, मोकळं फिरतं, त्यामुळे दोन्ही दिशांना जवळजवळ सारखंच चमकतं. आणि चमकतं तेही फ्लुओरेसीनच्याच हिरव्या पट्ट्यात. दोन्ही वाहिन्यांत २५० ची भर पडली असं धरा. १४५० आणि १०५०. फरक तोच ४००, बेरीज २५००. उत्तर १६०. बरोबर रिकाम्या व्हेक्टरचा आकडा. ६० ते २०० या पट्ट्यात ४० ने खाली येणं म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त ट्रेसर सुटल्याचा भास, आणि प्रत्यक्षात ट्रेसर जागचा हललेला नाही.

फ्लेव्हिन फ्लुओरेसीनच्या मानाने फार फिकं आहे, मग इतका परिणाम कसा? कारण ट्रेसर फक्त २ नॅनोमोलर होता. मोजणी संवेदनशील ठेवायची तर तो कमीच ठेवावा लागतो, आणि तो कमी ठेवला की फिकी पण मुबलक गोष्ट त्याच्या बरोबरीला येते.

क्रमांक ४ ची कथा याच्या नेमकी उलटी. त्या तुकड्याचा काही भाग बारीक कणांच्या रूपात गोळा होत होता, आणि लायसेट प्लेटच्या सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे कमी वेगात, फिरवलेले होते. लायसेट किंचित दुधाळ राहिलं. कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा थोडा भाग फिल्टरमधून निसटतो, आणि तो जवळजवळ पूर्ण समांतर दिशेतच असतो. आता खरी स्थिती अशी धरा की निम्म्याहून थोडा जास्त ट्रेसर सुटला आहे: समांतर ११२०, लंब ८८०, म्हणजे १२० मिलिपोलरायझेशन. फक्त समांतर वाहिनीत २०० ची भर घाला. १३२० आणि ८८०. फरक ४४०, बेरीज २२००, उत्तर २००. निम्म्याहून जास्त ट्रेसर हुसकावण्याइतकं प्रथिन समोर आहे आणि आकडा म्हणतो काहीच नाही.

एकाच प्लेटवर पिवळसर लायसेट वर चढत होते आणि गढूळ लायसेट खाली बुडत होते. प्रतिकृती जुळत होत्या, कारण चूक प्रत्येक प्रतिकृतीत तितकीच होती.

समोरचे पर्याय

मोजणीच सोडून वेस्टर्नकडे वळावं, हा गटप्रमुखांचा पहिला विचार. खात्री वाटते, पण पुढे याच प्रथिनाचे आणखी कन्स्ट्रक्ट येणार होते आणि दर वेळी ब्लॉट चालवणं परवडणारं नव्हतं.

नमुने आणखी पातळ करावेत, हा सगळ्यात स्वस्त उपाय. चमक आणि गढूळपणा दोन्ही प्रमाणात घटतात. पण प्रथिनही घटतं. ज्या कन्स्ट्रक्टमध्ये प्रथिन आधीच थोडं आहे ते मोजणीच्या तळाखाली जातील, आणि निवड करायची तर कमी देणाऱ्यांनाही नीट कमी म्हणता आलं पाहिजे. ट्रेसर पाचपट वाढवणं हा त्याच नाण्याचा दुसरा पर्याय: पार्श्वभूमी झाकली जाते, पण संवेदनशीलता जाते, आणि प्रतिपिंडही त्या प्रमाणात वाढवावं लागतं.

प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक लावावा, हा विद्यार्थिनीचा प्रस्ताव. लायसेट, प्रतिपिंड, बफर सगळं तेच, फक्त ट्रेसर नाही. त्या वेलमधला समांतर आकडा समांतरमधून आणि लंब आकडा लंबमधून वजा करायचा, आणि मगच पोलरायझेशन काढायचं. वजाबाकी वाहिनीवार आणि आधी करणं इथे महत्त्वाचं. शेवटच्या आकड्यातून ब्लँकचा शेवटचा आकडा वजा केला तर निघणाऱ्या उत्तराला अर्थ नसतो. किंमत काय, तर वेल दुप्पट.

चौथा पर्याय रंग बदलण्याचा. फ्लेव्हिन निळ्या प्रकाशाने उत्तेजित होतं. ५५० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित होणारा टॅम्रा रंग ट्रेसरला जोडला तर फ्लेव्हिन जवळजवळ बाहेरच राहतं. शिवाय फ्लुओरेसीनची चमक आम्लता बदलली की बदलते, टॅम्राची तशी बदलत नाही. तोटा असा की टॅम्राची चमक फ्लुओरेसीनपेक्षा कमी काळ टिकते. मोकळ्या पेप्टाइडला फिरायला वेळच कमी मिळतो, म्हणून खालचा आकडा वर सरकतो आणि वापरण्याजोगा पट्टा आकसतो. आणखी लाल रंग घेतले तर चमकेचा काळ बऱ्याचदा अजून आखूड, अडचण अजून मोठी. टॅम्राला प्लास्टिकला चिकटण्याचीही खोड आहे.

काय केलं

आधी जुनीच फाइल उघडली. प्रत्येक वेलची एकूण चमक काढली: समांतर अधिक लंबच्या दुप्पट. ट्रेसर सगळीकडे सारखाच घातलेला, म्हणून ही बेरीज प्लेटभर जवळपास सारखी यायला हवी. बांधलं गेल्यावर फ्लुओरेसीनची चमक थोडीफार बदलू शकते, पण तो बदल प्रमाणित मालिकेतच कळतो. समृद्ध माध्यमातल्या सगळ्या वेलमध्ये बेरीज ठळकपणे वर होती. क्रमांक ४ मध्ये ती थोडीच वर होती, पण वाढ जवळजवळ सगळी समांतर बाजूला. कुठलाही नवा प्रयोग न करता दोन्ही दोष वेगवेगळे ओळखता आले. हा आकडा फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून पडून होता.

मग लायसेट पुन्हा बनवले. पेशींचा गोळा फोडण्याआधी बफरने दोनदा धुतला, म्हणजे माध्यम मागे राहणार नाही. लायसेट नळ्यांमध्ये काढून जास्त वेगात फिरवलं. प्रत्येक नमुन्याचा ट्रेसरविना ब्लँक लावला. प्रमाणित मालिका शुद्ध बफरऐवजी रिकाम्या व्हेक्टरच्या लायसेटमध्ये, वीसपट पातळ करून, बनवली. लायसेटच्या बफरमध्ये ग्लिसरॉल होतं, ते प्रमाणित मालिकेतही आपोआप आलं. घट्टपणा वाढला की ट्रेसरचं फिरणं मंदावतं, त्यामुळे हे सारखं असणं गरजेचं असतं.

प्रत्येक नमुना एकाच पातळीवर तीनदा लावण्याऐवजी तीन पातळ्यांवर एकेकदा लावला: वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. पातळ केल्याच्या प्रमाणात परत गुणल्यावर तिन्ही उत्तरं जुळली तरच आकडा स्वीकारायचा. जोडीला, ठरावीक प्रमाणात फ्लॅग पेप्टाइड लायसेटमध्ये मुद्दाम मिसळून ते किती परत मिळतं हेही तपासलं.

गटप्रमुखांनी यासोबत टॅम्राचा ट्रेसरही मागवला आणि तो आल्यावर गट त्याच्यावर गेला. प्रतिपिंडाचं प्रमाण पुन्हा ठरवावं लागलं, बफरमध्ये थोडं ट्वीन-२० (चिकटणं रोखणारा साबणासारखा पदार्थ) घालावं लागलं, पट्टा अपेक्षेप्रमाणे अरुंद झाला. धुणं, जास्त वेगात फिरवणं आणि वाहिनीवार वजाबाकी यांनी फ्लुओरेसीनवरच बहुतेक नमुने सरळ आले होते. रंग बदलण्याची घाई झाली असं मला वाटतं. अरुंद पट्टा ही कायमची किंमत आहे, आणि ती एका अशा दोषासाठी मोजली गेली जो आधीच आटोक्यात आला होता. गटप्रमुखांचं म्हणणं वेगळं: पुढे कोण कुठलं माध्यम वापरेल, कोण पेशी नीट धुवेल, याच्यावर मोजणी अवलंबून ठेवायची नाही. त्यातही तथ्य आहे.

क्रमांक ७ चा उरलेला पेच

नव्या मोजणीत क्रमांक ४ वर आला. समृद्ध माध्यमाचा वरचष्मा बहुतेक कन्स्ट्रक्टमध्ये विरला. क्रमांक ७ खाली आला, पण पुरेसा नाही. आता ब्लँक स्वच्छ होते, तिन्ही पातळ्या जुळत होत्या, मिसळलेलं पेप्टाइड नीट परत मिळत होतं, आणि तरीही मोजणी सांगत होती की क्रमांक ७ मध्ये टॅग भरपूर आहे. जेलवर पट्टा नव्हता. वेस्टर्नमध्येही अपेक्षित वजनाला फिकट रेघ.

मोजणीचं म्हणणं खरं होतं. टॅग भरपूर होताच, पण तो प्रथिनाला जोडलेला नव्हता. गटाने लायसेट १० किलोडाल्टनच्या गाळणीतून सेंट्रिफ्यूजने काढलं आणि वर अडलेला भाग व खाली उतरलेला भाग दोन्ही मोजले. बाकीच्या कन्स्ट्रक्टमध्ये टॅग जवळजवळ सगळा वर अडला. क्रमांक ७ मध्ये मोठा हिस्सा खाली उतरला. पेशीतलं कुठलंतरी प्रोटिएझ (प्रथिनं कापणारं विकर) टॅगच्या मागच्या सैल भागात कापत होतं. वापरलेल्या जिवाणूच्या बीएल२१ वाणात लॉन आणि ओम्पटी ही दोन प्रोटिएझ नसतात, पण बाकीची असतातच.

यातून आधीच्या दोन्ही कोड्यांची उत्तरं मिळाली. लहानसा तुकडा साध्या जेलच्या खालून रंगाच्या रेघेबरोबर निघून जातो, किंवा ब्लॉटच्या पडद्यातून आरपार जातो, म्हणून वेस्टर्नला तो दिसला नव्हता. आणि रेझिनवर हेच मोकळे तुकडे जागा अडवून बसत होते, त्यामुळे जे थोडं अखंड प्रथिन होतं तेही वाहून जात होतं. रेझिन नवं होतं की जुनं याने काही बिघडत नव्हतं.

स्पर्धात्मक मोजणीला फक्त टॅग दिसतो. त्याच्या मागे ४१ किलोडाल्टनचं प्रथिन आहे की नुसती शेपटी, हे तिच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून तिचं उत्तर रेणूंच्या संख्येत, नॅनोमोलरमध्येच, लिहिलेलं बरं. या गटाच्या पहिल्या तक्त्यात आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बदलून ठेवले होते, आणि त्या बदलात प्रत्येक टॅगमागे पूर्ण वजनाचं प्रथिन आहे हे गृहीत धरलेलं होतं. शिवाय १८ आणि ४१ किलोडाल्टनच्या कन्स्ट्रक्टमध्ये टॅगची संख्या सारखी असली तरी वजनात दुपटीहून जास्त फरक येतो. मिलिग्रॅमची क्रमवारी आणि रेणूंची क्रमवारी वेगळी निघू शकते. आपल्याला कुठली हवी आहे हे आधी ठरवायला हवं. या गटाला प्रथिनाच्या बांधणीचा अभ्यास करायचा होता, त्यांना मिलिग्रॅम हवे होते.

निष्पत्ती

क्रमांक ४ आणि आणखी दोन कन्स्ट्रक्ट लिटरभर वाढवले गेले. शुद्धीकरणानंतर २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढलेलं प्रमाण मोजणीने लावलेल्या क्रमानेच आलं. क्रमांक ४ चा गोळा होणारा भाग वाया गेला, पण विरघळलेला भाग पुरेसा निघाला. क्रमांक ७ चा टॅग सी-टोकाला, म्हणजे शेवटाला, हलवून पाहिला. मोकळ्या तुकड्यांचा आकडा नाहीसा झाला आणि उरलेलं खरं प्रमाण इतकं थोडं होतं की तो कन्स्ट्रक्ट सोडून दिला.

मोजणी गटाने ठेवली. तिच्यावरून क्रम लावायचा, अंतिम प्रमाण शुद्धीकरणानंतर ठरवायचं, आणि वर आलेल्या प्रत्येक कन्स्ट्रक्टचा एक नमुना गाळणीतून काढून पाहायचा, असा रिवाज पडला. एक लिटरभर कल्चर, नवं रेझिन आणि मधले आठवडे गेले ते गेलेच.

वेगळं काय करता आलं असतं

रिकाम्या व्हेक्टरचं लायसेट पहिल्याच प्लेटवर, दोन्ही माध्यमांतलं, हवं होतं. दोन वेलचा खर्च. बाकी सगळ्या सुधारणा यानंतर येतात.

बारा कन्स्ट्रक्टच्या तीन-तीन प्रतिकृती लावताना जेवढ्या वेल लागल्या, तेवढ्यातच तीन पातळ्यांची मालिका बसली असती. प्रतिकृती पिपेटचा हात किती स्थिर आहे ते सांगतात. पातळ्यांची मालिका आकडा खरा आहे का ते सांगते. लायसेटसारख्या मळक्या नमुन्यात दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि तरी बहुतेक ठिकाणी प्रतिकृतींवरच वेल खर्च होतात. मात्र इथे एक सावधगिरी: क्रमांक ७ ची मालिका अगदी सरळ होती. कापला गेलेला टॅग अखंड टॅगसारखाच वागतो, म्हणून मालिकेने तो पकडला जात नाही. त्याला गाळणीच लागते.

प्रमाणित मालिकेसाठी पेप्टाइडऐवजी प्रमाण माहीत असलेलं, टॅग लावलेलं शुद्ध प्रथिन वापरायला हवं होतं. प्रथिनाला जोडलेला टॅग मोकळ्या पेप्टाइडइतका उघडा असेलच असं नाही, आणि तो अर्धवट झाकलेला असेल तर मोजणी प्रत्येक वेळी कमीच दाखवते. सुरुवातीला असं प्रथिन गटाकडे नव्हतं, हे खरं. क्रमांक ४ शुद्ध झाल्यावर मात्र ते हाताशी आलं, आणि आता तेच प्रमाण म्हणून वापरलं जातं.

दोन टोकांना दोन वेगळे टॅग लावण्याचा विचारही झाला होता. तसं केलं तर दोन्ही टॅग एकाच रेणूवर असतील तरच संकेत देणारी मोजणी करता येते, आणि कापलेले तुकडे आपोआप गळतात. पण दुसरा टॅग प्रथिनाच्या विरघळण्यावर परिणाम करू शकतो, आणि नेमकं तेच तर तपासायचं होतं. पुढच्या कन्स्ट्रक्टमध्ये गट हे फक्त ज्यांच्या सुरुवातीचा भाग सैल असण्याची शक्यता आहे त्यांच्यापुरतं करून पाहणार आहे.